अंधारात दिसाल, तर वाचाल
(ऊस वाहतुकीच्या हंगामातील रस्ता सुरक्षितता)



आज मी खताविषयी किंवा कीड-रोगाविषयी बोलणार नाही. रस्त्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रस्त्याचा आणि शेतीचा काय संबंध? संबंध असा की, शेतातला माल बाजारात किंवा कारखान्यावर जातो तो रस्त्यानेच. आणि घरचा कर्ता माणूस रात्री सुखरूप परत येतो की नाही, हेही त्या रस्त्यावरच ठरते.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतील शंभरातले सुमारे ६८ मृत्यू ग्रामीण भागातले होते. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक लोक दुचाकीवरचे आणि पायी चालणारे होते. म्हणजे अपघात हे शहराचे दुखणे आहे, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

टक्कर का होते?

उसाचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या दिवसांत रात्रभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवर असतात. त्याच वाटेने मोटारसायकली, एसटी, ट्रक, सायकली आणि पायी चालणारी माणसे जातात. भरलेली बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. मागून येणारी मोटारसायकल तासाला साठ किलोमीटरने येते.

आता थोडा हिशोब करू. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. ब्रेक लागल्यावरही गाडी आणखी वीस-तेवीस मीटर पुढे सरकते. सगळे मिळून ४० मीटर झाले. पण दिवा खाली असताना काळोखातली मळकट ट्रॉली दिसते ती जेमतेम तीस-चाळीस मीटरांवरून. समोरून दुसऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, तर तेवढीही दिसत नाही. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो.

याला इलाज दोन. गाडीवानाने आणि ट्रॅक्टरवाल्याने लांबून दिसावे, आणि मागून येणाऱ्याने वेग कमी ठेवावा.

बैलगाडी आणि ट्रॉलीवाल्यांनी काय करावे

चमकणारी पट्टी, म्हणजे रिफ्लेक्टर, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिला बॅटरी लागत नाही, तेल लागत नाही. दिव्याचा झोत पडला की ती तो परत फेकते आणि शंभर मीटरांच्या पलीकडूनही दिसते. पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी, हा नियम पाळा. रंगावरूनच समोरच्याला कळते की गाडी येते आहे, जाते आहे की आडवी आहे.

पट्टी लावूनही एक चूक राहते. ऊस भरला की टिपरी मागे दोन-तीन हात बाहेर येतात, वाढे खाली लोंबतात आणि मागची पट्टी झाकली जाते. म्हणून एक साधी युक्ती करा. वीतभर पत्र्याच्या तुकड्यावर लाल पट्टी चिकटवा, वरच्या बाजूला भोके पाडून तार ओवा, आणि गाडी भरल्यावर सगळ्यात मागे आलेल्या उसाला तो पत्रा बांधा. गाडी रिकामी झाली की सोडून घ्या. ट्रॉलीच्या पट्ट्यांवर चिखल बसतो, तो रोज निघताना फडक्याने पुसा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दोन्हींना पट्ट्या हव्यात. ट्रॉलीचे मागचे दिवे लागतात की नाही, तेही बघून घ्या.

बेंदराला, पोळ्याला आपण बैलांची शिंगे हौसेने रंगवतो. हंगामात त्याच शिंगांना पांढरी पट्टी लावा. समोरून येणाऱ्याला बैल लांबूनच दिसतील. गाडी कारखान्याची असेल, पण बैल आणि जीव तुमचाच आहे.

वाटेत गाडी बंद पडली तर ती डांबराच्या खाली घ्या. घेता आली नाही, तर मागे लांब अंतरावर लाल त्रिकोण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा करा. चाकाला लावलेले दगड मात्र निघताना आठवणीने उचला. गाडी निघून जाते, दगड रस्त्यातच राहतो आणि मागाहून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. रस्त्यावर सोयाबीन, तूर, ज्वारी वाळत घालून भोवती दगड मांडण्याची रीतही अशीच जिवावर बेतणारी आहे.

सायकलवाले आणि पायी चालणारे

सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि पायडलांना पिवळी पट्टी लावा. पायडल खाली-वर होते, तशी पट्टी हलताना दिसते आणि ही सायकल आहे हे लगेच कळते. सायकल नेहमी रस्त्याच्या डाव्या कडेने चालवा.

पायी चालणाऱ्याने मात्र पदपथ नसेल तर उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते आणि वेळीच बाजूला होता येते. दोघे-तिघे असाल तर एकामागून एक चाला. अंधारात पांढरे किंवा फिके कपडे घाला, काळी घोंगडी पांघरली असेल तर वर पांढरा पंचा टाका. हातात बॅटरी असू द्या. मुलांना एक गोष्ट पक्की शिकवा : एसटीतून उतरल्यावर तिच्या पुढून किंवा मागून धावत रस्ता ओलांडायचा नाही. एसटी निघून जाऊ द्यायची, दोन्हीकडे बघायचे, मगच पलीकडे जायचे.

मोटारसायकलवाल्यांनो, तुमच्यासाठी

मघाचाच हिशोब पुन्हा बघा. वेग ताशी ४० ठेवलात तर गाडी वीस-बावीस मीटरांत थांबते. म्हणजे तीस मीटरांवर ट्रॉली दिसली तरी तुम्ही वाचता. सात-आठ किलोमीटरच्या वाटेत वेग साठावरून चाळिसावर आणला तर फार तर चार मिनिटे उशीर होईल. समोरचा झोत डोळ्यांवर आला तर वेग आणखी कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. हेल्मेट दोघांनीही घाला, हनुवटीखालचा पट्टा आवळून. दारू प्यायलेल्याच्या हाती गाडी देऊ नका. पोर अठरा वर्षांचे होण्याआधी त्याच्या हाती मोटारसायकल दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

गावाने मिळून करायच्या गोष्टी

काही कामे एकट्याची नाहीत. वळणावर उंच ऊस उभा असला की पलीकडचे वाहन दिसत नाही. ज्याचे शेत कोपऱ्यावर आहे, त्याने कोपऱ्याच्या तुकड्यात भुईमूग, हरभरा किंवा भाजीपाला घ्यावा. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या गावाने छाटाव्यात. गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसले असतील तर ग्रामसभेत ठराव करून सार्वजनिक बांधकाम खात्याला कळवावे. हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातल्या सगळ्या गाड्यांना, ट्रॉल्यांना आणि सायकलींना पट्ट्या लावाव्यात. तोडणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या टोळ्यांच्या गाड्याही त्यात धरा. त्यांना आपल्या रस्त्यांची वळणे ठाऊक नसतात.

अपघात झालाच तर

जखमीजवळ जायला लोक भितात, पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून. ही भीती आता ठेवू नका. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले आहे. नाव-गाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. प्रथम मागून येणारी वाहने थांबवा. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला पाणी पाजू नका, मान वाकवू नका, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. पहिला तास फार मोलाचा असतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी पट्टी.
२. गाडी भरल्यावर लाल पत्रा सगळ्यात मागच्या उसाला.
३. निघताना चाकाखालचा दगड उचला.
४. सायकल डावीकडून, पायी उजवीकडून.
५. रात्री मोटारसायकलचा वेग चाळिसाच्या आत.
६. अपघात दिसला तर थांबा, १०८ ला कळवा.

पट्टीचा एक गुंडाळा आणला तर चार शेजाऱ्यांच्या गाड्यांना पुरतो. या आठवड्यात बाजाराला जाल तेव्हा तो घेऊन या.