शाळेमागचा कोपरा



1955 साली ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना मात्र जंगल कळते ते भीतीतून. मोहफुले वेचावयास गेलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याची बातमी येते आणि 'तिकडे जाऊ नको' असे आपण बजावतो. ते योग्यच आहे. पण मग मुलाने निसर्ग पाहावा कोठे?

घरामागे किंवा शाळेमागे दहा हात जागा पुरे. तेथे गोडलिंब लावा, लिंबू लावा. पावसाळ्यात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडेल. ती मोठी होते तशी हिरवी होते, मग कोश करते आणि त्यातून काळे फुलपाखरू निघते. आमच्या घरी कित्येक वर्षे अशी अळी दिसली की चपलेखाली जात असे! चार पाने खाल्ली तर खाऊ द्या. तेथे औषध मात्र फवारू नका. कुंपणालगतची रुईसुद्धा राहू द्या. तिच्यावर केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये, एवढे मुलांना सांगून ठेवा.

डॉ. सालिम अली (1896–1987) यांची गोष्ट आपणांस ठाऊक असेल. मुंबईचे हे पोरके मूल मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला हाकलून दिले नाही, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलार्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखविले. मला त्या मामांचे फार कौतुक वाटते. आपण असतो तर 'अभ्यास कर' म्हणालो असतो.

'झाडी वाढली की साप येतील,' असे एक पालक म्हणाले. शंका खरी आहे. म्हणून कोपरा वर्गापासून दूर असावा, विटा-लाकडांचा ढीग तेथे नसावा आणि पाचोळ्यात कोणी हात घालू नये. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा.

उन्हाळ्यात पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवा. ते रोज बदला, नाहीतर डास होतात. गोडलिंबाची थोडी रोपे मी आणली आहेत. ज्यांना हवीत त्यांनी जाताना न्यावीत.