अश्वारूढ पुतळा आणि ओतारी

(ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



पुणे येथील श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. शिल्पकार नानासाहेब करमरकर; अनावरण १९२८ सालचे. प्रेक्षक महाराजांची मुद्रा पाहतो, घोड्याचा डौल पाहतो. आम्हां ओतारी मंडळींची दृष्टी मात्र प्रथम घोड्याच्या पायांकडे जाते. एवढा भार त्या बारीक पायांनी कसा पेलला, आणि रस खुरांपर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न आमच्या मनात आधी उभा राहतो.

विधी तर आपल्या घरचाच आहे. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, त्यावर पुन्हा मातीचे लेप. मग आच देऊन मेण काढावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस सोडावयाचा. बाराव्या शतकात चालुक्यनृपती सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त या मेणाच्या विधीचे वर्णन केले आहे. देवघरातील बाळकृष्ण असो वा राजाचा घोडा, भेद केवळ आकाराचा. परंतु आकार वाढला की संकटेही वाढतात. रस मध्येच थिजला, हवा कोंडली, किंवा साचा फुटला, तर वर्षांचे श्रम घटकेत मातीमोल होतात.

याचे उदाहरण रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने पीटर बादशहाच्या स्मारकासाठी १७६६ साली फाल्कोने या फ्रेंच शिल्पकारास बोलाविले. त्याने घोडा मागील पायांवर उभा राहिलेला योजिला. प्रत्यक्ष स्वार चढावर घोडे उधळवीत आणि तो त्यांची रेखाटने करी. सम्राटाचे मस्तक त्याची शिष्या मारी-आन कोलो हिने घडविले. मागील दोन पाय आणि सापाला टेकलेले शेपूट, एवढाच सर्व भाराला आधार! म्हणून धातूची जाडी पुढील अंगास कमी व मागील अंगास अधिक ठेवावी लागली. ही जाडी मेणातच साधावयाची असते. ओतकाम झाल्यावर तेथे कोणाचा इलाज चालत नाही.

१७७५ साली रस ओतला गेला. मध्येच वाट फुटली, तप्त धातू बाहेर वाहू लागला, कारखान्यास आग लागली. माणसे पळाली. येमेल्यान खाइलोव नावाचा तोफा ओतणारा कारागीर मात्र जागचा हलला नाही. भाजलेल्या हातांनी त्याने वाट बुजविली आणि रस साच्यात जाऊ दिला. वरचा काही भाग बिघडला, तो दोन वर्षांनी पुन्हा ओतावा लागला. पण मुख्य ओतकाम बचावले. फाल्कोनेने त्याच्या धैर्याची मुक्तकंठाने स्तुती केली, हे त्यास भूषणावह आहे.

आता गंमत पाहा. (गंमत म्हणावे की अन्याय, ते आपणच ठरवावे.) १७८२ साली अनावरण झालेल्या त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर पीटर व कॅथरीन यांची नावे आहेत. स्वाराच्या झग्याच्या चुणीत फाल्कोनेने आपणच तो घडविला आणि ओतला, असे कोरून ठेविले आहे. खाइलोवचे नाव तेथे नाही. शिल्पकाराची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही; कल्पना त्याची, रूप त्याचे. परंतु ‘ओतला’ हा शब्द मात्र आम्हांस खटकतो.

आपल्या ज्ञातीतही मंदिरांच्या मूर्ती, घंटा, समया ओतणारे हात थोडे नव्हते. त्यांची नावे घरोघरच्या वृद्धांच्या तोंडी तेवढी उरली आहेत. तेव्हा आमची विनंती एवढीच की, प्रत्येक गावच्या मंडळींनी आपल्याकडील जुन्या ओताऱ्यांची नावे, त्यांनी ओतलेली कामे आणि त्यांची ठिकाणे लिहून पुढील दिवाळीपूर्वी चिटणिसांकडे पाठवावी. मजकूर मोडका असला तरी चालेल. तो पुढील वार्षिकात छापण्याची व्यवस्था मंडळ करील.