फलाटावरची पाटी

(दहिसर येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य. वर्गात वाचायला पुस्तक असते. पण वर्गाबाहेर ठळक, मोठी अक्षरे कुठे दिसतात? रेल्वेच्या फलाटावर. पिवळी पाटी आणि तिच्यावर काळी अक्षरे. दहिसर, बोरिवली, वसई रोड, नालासोपारा. जाता-येता ही नावे तुम्ही वाचता. आज आपण या पाट्यांविषयीच बोलू.

गावाचे नाव वाचता आले म्हणजे गाव कळले, असे नाही. नावामागे काय दडले आहे, तेही वाचता आले पाहिजे.

आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. ती बोरीबंदराहून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर. आपल्या मार्गावर विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली १२ एप्रिल १८६७ रोजी. तेव्हा दिवसाला जायची एक गाडी आणि यायची एक गाडी. आज एक गाडी चुकली तर आपण म्हणतो, जाऊ दे, मागून दुसरी येईल!

रेल्वेचे वय असे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास. पण ज्या गावांतून ती जाते, ती गावे फार जुनी आहेत. किती जुनी? चला, पाहू या.

दहिसर स्टेशनाजवळच मंडपेश्वराची लेणी आहेत. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी कारागिरांनी डोंगराचा कातळ फोडून हे शंकराचे देऊळ कोरले. आत नाचणाऱ्या शंकराची मूर्ती आहे. पुढे पोर्तुगीज आले. त्यांनी लेण्यात चर्च केले आणि वर मठ बांधला. त्या मठाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. लेण्यात एका ठिकाणी भिंतीवर कोरलेला क्रूसही दिसतो. एकाच जागी किती काळ लोटले, ते तिथे डोळ्यांनी दिसते.

बोरिवलीला एकसर गाव आहे. तिथे उंच उंच वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तुमच्यापैकी पुष्कळांनी आपल्या गावी असे दगड पाहिले असतील. पण एकसरच्या दगडांवर एक वेगळी गोष्ट आहे. त्यांवर जहाजे कोरली आहेत. वल्ही मारणारे लोक कोरले आहेत. समुद्रावरची लढाई आहे ती! हे दगड शिलाहार राजांच्या काळाच्या सुमाराचे आहेत.

बोरिवलीच्याच पूर्वेला जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. एक नाही, दोन नाही, शंभराहून जास्त. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे काम सुरू झाले आणि शेकडो वर्षे चालले. बौद्ध भिक्षू तिथे राहत, शिकत, शिकवत. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी कातळात पन्हळी कोरल्या, टाकी कोरली.

आता उत्तरेकडची गाडी धरू. मीरा रोड, भाईंदर, मग खाडी, नायगाव, आणि वसई रोड. पाटीवर नुसते 'वसई' नाही, 'वसई रोड' आहे. का बरे? स्टेशनच्या नावापुढे 'रोड' असले, की समजावे मूळ गाव तिथून काही अंतरावर आहे आणि पुढे रस्त्याने जायचे आहे. वसईचा किल्ला जुन्या वसई गावात, समुद्राच्या बाजूला आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. दोनशे वर्षे त्यांनी तिथून राज्य केले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठी लढाई देऊन किल्ला जिंकला. किती माणसे कामी आली! त्यांच्यात मराठे होते, कोळी होते, आगरी होते, नाना जातींचे लोक होते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मग देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे.

पुढचे स्टेशन नालासोपारा. नाळे आणि सोपारे अशी दोन गावांची नावे जोडून ही पाटी झाली. यातले सोपारे म्हणजे जुने शूर्पारक बंदर. दूरदेशीची गलबते तिथे लागत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खणून पाहिले, तेव्हा बौद्ध स्तूप सापडला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. तो सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो ठेवला आहे.

पाहा, चार-पाच स्टेशनांत दोन हजार वर्षांचा हिशेब झाला!

आता तुम्ही म्हणाल, जुने दगड ते. त्यांचे आम्हाला काय? याचे उत्तर आम्ही एका सोनाराच्या गोष्टीने देतो.

कान्हेरीला पाण्याच्या एका टाक्याजवळ लेख आहे. कल्याणच्या एका सोनाराने ते टाके दान दिले, असे त्यात कोरले आहे. तो राजा नव्हता. आपल्यासारखाच धंदा करून पोट भरणारा माणूस. त्याने आधी पाणी दिले, मग नाव कोरले. टाके राहिले, म्हणून नावही राहिले.

हा लेख ब्राह्मी लिपीत आहे. आपली देवनागरी तिच्याच वंशातली. पण मधली शेकडो वर्षे ही लिपी देशात कुणालाच वाचता येत नव्हती. मोठमोठे पंडितही तिच्यापुढे निरक्षरच! १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली. मग ते दगड बोलू लागले. अक्षर कळेपर्यंत तो नुसता दगड, अक्षर कळले की तो आपला पूर्वज. हे तुमच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

आणि आज लेण्यांत काय दिसते? कोणी कोळशाने नाव लिहितो, कोणी खिळ्याने बदाम काढतो. त्या सोनाराने टाके दिले आणि नाव लिहिले. आपण काय दिले, म्हणून नाव लिहायचे?

जुन्या वस्तूंची हानी फक्त पोरेटोरे करतात असे मात्र नाही. शिकलेल्या मोठ्या माणसांनीही केली आहे. पंजाबात हडप्पा म्हणून जागा आहे. आता ती पाकिस्तानात आहे. इंग्रजांच्या काळात लाहोर ते मुलतान रेल्वे टाकायची होती. रुळांखाली घालायला खडी हवी होती. ठेकेदारांना हडप्प्याच्या टेकाडात आयत्या भाजलेल्या विटा मिळाल्या. त्यांनी गाड्या भरभरून विटा नेल्या. सुमारे शंभर मैल रुळांखाली त्या विटा गेल्या. पुढे १९२० नंतर तिथे नीट खोदकाम झाले. तेव्हा कळले, की ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर होते! किती विटा गेल्या, त्यांच्याबरोबर काय काय गेले, ते आता कोण सांगणार?

आग्र्यालाही असेच झाले. लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्यामध्ये बादशाही काळचा चौक होता. तो पाडून तिथे रेल्वेचे स्टेशन केले. दिल्लीत जुन्या सलीमगड किल्ल्यातूनच रूळ नेले.

म्हणजे रेल्वे वाईट का? मुळीच नाही. आज आग्र्याला लाखो लोक रेल्वेनेच जातात. आपणही वसईला रेल्वेनेच जाणार. शिवाय आता काही स्टेशनेच वारसा झाली आहेत. बोरीबंदरची मोठी इमारत, जिला आपण आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो, ती २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथे रोज लाखो माणसे उतरतात आणि तरी इमारत जपली जाते. म्हणजे वापर आणि जतन दोन्ही एकत्र होऊ शकते. रेल्वे तीच. फरक माणसाच्या समजुतीत असतो.

कायदाही आहे. १९५८ च्या कायद्याने अशा जागांना संरक्षण दिले आहे. संरक्षित जागेची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा जागेपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही.

इथे आम्हाला एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. मंडपेश्वराच्या आसपास लोकांची घरे आहेत. घर जुने झाले, छप्पर गळू लागले, की नियमाची अडचण येते. माणूस चिडतो. म्हणतो, दगडांची काळजी, माणसांची नाही! हे दुःख खोटे नाही. पण लक्षात ठेवा, राहत्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. अर्ज वाचा, दहा शेजारी मिळून जा, लेखी उत्तर मागा. एजंटाच्या भरवशावर राहू नका. लेणे पण वाचले पाहिजे आणि शेजारच्या माणसाचे छप्पर पण. दोन्ही मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग आपण काय करायचे? फार मोठे काही नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन मंडपेश्वराला जा. कान्हेरीला जायचे तर सोमवार सोडून जा, सोमवारी ते बंद असते. तिथली माहितीची पाटी मुलाकडून वाचून घेऊ नका, तुम्ही मुलाला वाचून दाखवा. भिंतीवर लिहू नका, थुंकू नका. कुणी दगड हलवत असेल तर चौकीदाराला सांगा. ज्यांच्या गावाला रेल्वे नाही, त्यांनी गावातली जुनी विहीर, बारव, वीरगळ शोधावा. म्हाताऱ्या माणसांना त्याची हकिकत विचारावी आणि वहीत लिहून ठेवावी. म्हातारी माणसे गेली की तोंडची हकिकत जाते. लिहिलेली राहते.

कल्याणच्या सोनाराचे दोन शब्द आपल्यापर्यंत पोहोचले. तुमच्या वहीतले चार शब्द तुमच्या नातवंडांपर्यंत नक्की पोहोचतील. आजच लिहायला बसा.