नावावरचे आणि नावावर नसलेले

मृत्युपत्र वाचताना आपण सहसा कुणाला काय मिळालं ते बघतो. आज ज्या मृत्युपत्राविषयी बोलणार आहे, त्यात लिहिणाऱ्याला काय देता आलं नाही, तिकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे.

हे मृत्युपत्र जॉर्ज वॉशिंग्टन यांचं. तारीख 9 जुलै 1799. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून ते व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या आपल्या शेतीवाडीवर परतले होते, वय सदुसष्ट. एकोणतीस पानं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, वकिलाचा सल्ला घेतला नाही. त्यावर साक्षीदाराची सही नाही. आपल्याकडे दोन साक्षीदार नसले तर मृत्युपत्र टिकत नाही. तिथे मजकूर सगळा लिहिणाऱ्याच्या हातचा असला आणि अक्षर ओळखणाऱ्यांनी शपथेवर सांगितलं की चालत असे. त्याच वर्षी 14 डिसेंबरला ते गेले आणि जानेवारी 1800 मध्ये कागद फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात दाखल झाला.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. माउंट व्हर्ननचं घर आणि भोवतालची जमीन पत्नी मार्था हिला हयातीपुरती, तिच्यामागे पुतण्या बुशरॉड याला. तलवारी पुतण्या-भाच्यांना, आणि त्या स्वसंरक्षण किंवा देशाचं रक्षण यांखेरीज उपसायच्या नाहीत, ही अट. विकायच्या मालमत्तेची यादी त्यांनी स्वतःच जोडली. तिची बेरीज सुमारे 5 लाख 30 हजार डॉलर, आणि त्यातला मोठा भाग पश्चिमेकडच्या जमिनींचा.

पण यातल्या बहुतेक गोष्टींच्या आधी, अगदी सुरुवातीच्या कलमांत, गुलाम माणसांविषयी लिहिलं आहे. मार्थाच्या मृत्यूनंतर आपल्या मालकीच्या सगळ्यांना मुक्त करावं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि अपंगांना जन्मभर अन्नवस्त्र द्यावं. पोरक्या मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत कामाला ठेवून लिहायला-वाचायला शिकवावं. कुणालाही राज्याबाहेर विकू नये. 1782 पूर्वी व्हर्जिनियात मालकाला स्वतःच्या इच्छेनं गुलाम मुक्त करता येत नसे. त्या वर्षीच्या कायद्यानं ती मोकळीक दिली, म्हणून हे कलम लिहिता आलं.

आता आकडे ऐका. 1799 मध्ये माउंट व्हर्ननवर तीनशेहून अधिक गुलाम होते. त्यांतले 123 वॉशिंग्टन यांच्या मालकीचे. चाळीसेक दुसऱ्या मालकाकडून भाड्यानं घेतलेले. उरलेले 153 कुणाचे?

मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्यानं विधवेला त्याच्या मालमत्तेच्या एक तृतीयांश भागावर हयातीपुरता हक्क मिळाला. त्या भागात माणसंही होती. पुढे तिनं वॉशिंग्टन यांच्याशी लग्न केलं, ती माणसं माउंट व्हर्ननवर आली, त्यांना मुलं झाली. पण मालकी कस्टिस घराण्याच्या वारसांचीच राहिली. वॉशिंग्टन त्यांच्याकडून काम करून घेऊ शकत होते, त्यांना मुक्त करू शकत नव्हते.

कायद्याच्या कागदावर हे दोन गट वेगळे. शेतावर चाळीस वर्षं शेजारी राहिल्यावर वेगळे कसे राहतील? त्यांच्यात लग्नं झाली होती. फ्रँक ली हा घरातला मुख्य वाढपी, वॉशिंग्टन यांच्या मालकीचा. त्याची बायको ल्युसी स्वयंपाकीण, ती कस्टिसांच्या हिश्शातली. व्हर्जिनियात 1662 पासून मूल आईच्या स्थितीत जन्माला येत असे, बाप कोण हे बघितलं जात नसे. म्हणजे फ्रँक सुटणार आणि ल्युसी व मुलं मागे राहणार. फ्रँकचा भाऊ विल्यम याला तर मृत्युपत्रानं तत्काळ मुक्त केलं आणि वर्षाला 30 डॉलर लावून दिले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची सगळी वर्षं तो वॉशिंग्टन यांच्यासोबत होता, पुढे दोन्ही गुडघ्यांनी अधू झाला होता. बाकीच्यांना मार्थाच्या मृत्यूपर्यंत थांबवण्याचं कारण वॉशिंग्टन यांनी लिहून ठेवलं आहे: ही लग्नं झालेली आहेत, आत्ताच ताटातूट केली तर फार यातना होतील. ताटातूट होणार हे त्यांना कळत होतं. कलमानं ती पुढे ढकलली, टाळली नाही. हयातीत पैसे मोजून वारसांकडून ही माणसं सोडवण्याची वाट त्यांनी शोधली होती, ती निघाली नाही. मला वाटतं, हे दुःख खरं होतं. पण ज्या व्यवस्थेवर ते सदुसष्ट वर्षं जगले तिनंच ते घडवलं होतं, हेही तितकंच खरं आहे.

या कलमाचा एक परिणाम लिहिणाऱ्याच्या ध्यानात आला नसावा. शंभराहून अधिक माणसांचं स्वातंत्र्य एका वृद्ध बाईच्या मृत्यूला बांधलं गेलं, आणि ती बाई त्यांच्यातच राहत होती. तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी ॲबिगेल ॲडम्स तिला भेटून आल्या. मार्थाला आपला जीव सुरक्षित वाटत नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं. 1 जानेवारी 1801 रोजी मार्थानं पतीच्या हिश्शातल्यांना मुक्त केलं. फ्रँक सुटला. ल्युसी नाही.

22 मे 1802 रोजी मार्था गेली. कस्टिसांच्या हिश्शातली माणसं तिच्या पहिल्या लग्नाकडून असलेल्या चार नातवंडांत वाटली गेली. या माणसांच्या बाबतीत मार्थाचे हात कायद्यानं बांधलेले होते, हे मान्य करू. पण एलिश नावाचा एक माणूस तिनं स्वतः विकत घेतलेला होता. तो पूर्णपणे तिचा, त्याला मुक्त करायला कुणाचीच आडकाठी नव्हती. मृत्यूआधी, मार्च 1802 मध्ये, तिनं आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडली, आणि तिच्यात एलिश नातवाला देऊन टाकला.