सोपे गणित आणि खरा मनोरा



साखर कारखान्याशेजारचा मद्यार्काचा उंच मनोरा आपण बाहेरून पाहिला असेल. आत एकावर एक थाळ्या बसवलेल्या असतात. कारखान्यात त्यांना प्लेटी म्हणतात. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, प्रत्येक थाळीवर दोघांची गाठ पडते आणि पायरीपायरीने वाफेतील मद्यार्क वाढत जातो. अशा थाळ्या किती हव्यात, हे मनोरा उभारण्याआधीच सांगावे लागते.

एका थाळीचा हिशेब अवघड नाही. पदार्थ किती आला, किती गेला. उष्णता किती आली, किती गेली. समतोल कोठे झाला. पण चाळीस थाळ्या म्हटल्या की समीकरणे शंभरावर जातात आणि सारी एकमेकांत गुंततात. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८९३ साली असा थाळीवार हिशेब मांडला. मांडणी चोख होती; पण हाताने सोडवायची म्हणजे दिवसच्या दिवस जायचे.

१९२५ साली अमेरिकेत मॅककेब आणि थील यांनी ही गुंतागुंत कागद-पट्टीवर आणली. ती कशी? एक किलो पाण्याची वाफ करण्यास एक किलो मद्यार्काच्या अडीचपटीहून अधिक उष्णता लागते. परंतु वजन सोडून रेणूंच्या संख्येने मोजा. तोच फरक पाच टक्क्यांच्या आसपास उरतो! म्हणजे वाफेचे जितके रेणू निवतात, जवळजवळ तितकेच द्रवातून उठतात. उष्णतेचा हिशेब बाजूला ठेवता येतो, समीकरणाची सरळ रेषा होते, आणि ती रेषा व समतोलाची वक्ररेषा यांच्यामध्ये पायऱ्या काढून मोजल्या की थाळ्यांची संख्या हाती येते.

१९३२ साली फेन्स्के यांनी आणखी एक गोष्ट गृहीत धरली: दोन द्रवांच्या उडून जाण्याच्या वृत्तीचे गुणोत्तर साऱ्या मनोऱ्यात सारखेच राहते. मग कमीत कमी किती थाळ्या लागतील, हे एका ओळीच्या सूत्राने निघते. बेन्झीन आणि टोल्युईन यांना हे छान लागू पडते. मद्यार्क आणि पाणी यांना मात्र नाही. पातळ मिश्रणात हे गुणोत्तर दहाच्या घरात असते, मध्यावर दोनाच्या खाली येते, आणि वजनाने सुमारे ९५.६ टक्के मद्यार्क झाला की एकावर येऊन थांबते. तेथे वाफ आणि द्रव सारखेच. सूत्र म्हणेल, आणखी थाळ्या चढवा, शुद्ध मद्यार्क मिळेल. साध्या दाबाखाली हजार थाळ्या चढवल्या तरी तो मिळायचा नाही! म्हणूनच पेट्रोलमध्ये मिसळायच्या मद्यार्कातील उरलेले पाणी काढण्यास रेणुचाळणीसारखा निराळा उपाय योजावा लागतो.

मनोरा एकच, एक सोपेपणा त्यात तारतो, दुसरा बुडवतो. आज संगणक शेकडो समीकरणे क्षणात सोडवतो, पण गृहीत चुकीचे दिले तर उत्तरही तितक्याच तत्परतेने चुकीचे देतो. म्हणून गणित सोपे करणाऱ्याने काय वगळले आणि ते कोठवर वगळता येते, हे उत्तराशेजारीच लिहून ठेवावे.