ऋतुचक्र आणि घर : आदिलाबादच्या मराठी कुटुंबांचे वर्ष

(व्याख्यानाची संहिता)



देवस्थानाचा उत्सव वर्षातून ठरावीक तिथींना येतो, महाजन कुटुंबे त्यानिमित्त एकत्र जमतात आणि उत्सव आटोपला की आपापल्या गावी परततात. पूर्वी हे गाव देवळापासून हाकेच्या अंतरावर असे; आज ते पुष्कळदा परप्रांतात असते. तेथे ना कुलदेवतेची पालखी दाराशी येते, ना शेजारी आपली भाषा कानी पडते. अशा घरातील मुलांपर्यंत संस्कार पोहोचवायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक महाजन कुटुंबापुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना एका सीमावर्ती जिल्ह्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तो जिल्हा म्हणजे तेलंगणातील आदिलाबाद.

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या या मुलखात मराठी माणूस पाहुणा म्हणून आलेला नाही. तो येथलाच आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या भाषा येथे एकत्र नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आदिलाबादला जोडली गेली. रेघ ओढली गेली. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर तशाच राहिल्या. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. शासनाचा कारभार तेलुगूत चालतो, आणि २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगूचे अध्यापन अनिवार्य झाले आहे. ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा मुलांना उत्तम यावी, यात गैर काहीच नाही. परंतु त्यामुळे मराठीची सारी भिस्त घरावर येऊन पडते, हेही तितकेच खरे.

आता घरात भाषा टिकते ती कशाने? केवळ “मराठीत बोला” अशी ताकीद देऊन ती टिकत नाही. शब्द वस्तूला चिकटलेला असतो आणि वस्तू कामाला. ज्या घरात कुरडया होत नाहीत, त्या घरातील मुलाला ‘चीक’ आणि ‘सोऱ्या’ हे शब्द शिकवून येत नाहीत. ज्याने बैल सजविलेला पाहिला नाही, त्याला ‘झूल’ हा शब्द कोशातील मृत शब्दाप्रमाणेच वाटणार. काम गेले की शब्द जातो, आणि शब्द गेला की त्याच्याभोवतीची आठवणही जाते. म्हणूनच ऋतूऋतूंतील साधी घरगुती कामे कुटुंबाने मिळून करणे, ही निव्वळ करमणूक नसून भाषेची पाठशाळा आहे. अशा कामांना फारसा पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि घरातील सर्वांची उपस्थिती.

वर्षाऋतूपासून आरंभ करावा. आदिलाबादची काळी कापसाची जमीन पावसाने फुगते आणि उन्हात भेगाळते. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते. दुसऱ्या दिवशी त्यांना विश्रांती, अंगावर झूल, कपाळी बाशिंग, पायी घुंगरू आणि मुखी पुरणपोळीचा घास. ज्या नगरवासी कुटुंबाच्या दाराशी बैल उरलेला नाही, त्याने निदान मातीचे बैल घरी करावेत. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो. तीत थोडी बारीक वाळू व मूठभर भुसा मिसळला की तो टिकतो. मूल हे स्वतःच्या बोटांनी शिकते, आणि त्याच वेळी आजोबांकडून वेसण, कासरा, जू, शिवळ हे शब्दही ऐकते. पैनगंगेपलीकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो व लाकडी बैल घरोघर मिरवितात. लाकडी खेळण्यांसाठी तर दक्षिणेकडील निर्मल गाव प्रसिद्धच आहे. तेथील कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी करतात आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवितात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ करणे हे पावसाळी दुपारचे काम कोणत्याही घरात होऊ शकते. कागदी मखर आणि मुलांच्या वह्या त्या खळीने उत्तम चिकटतात.

भाद्रपदात चवथ येते. गोमंतकीय महाजनांना गणपतीवरील माटोळी काय असते हे सांगावयास नको. रानातील फळे, फुले, वेली ओळखून, गोळा करून देवाच्या माथ्यावर बांधावयाच्या. म्हणजे रानाची ओळख हीच पूजा. आदिलाबादच्या मुलखात हाच भाव दुसऱ्या रूपाने भेटतो, तो बतुकम्मा या तेलुगू स्त्रियांच्या पुष्पोत्सवात. भाद्रपद अमावास्येस आरंभ होऊन दुर्गाष्टमीस सांगता होणारा हा नऊ दिवसांचा सण २०१४ साली राज्योत्सव म्हणून घोषित झाला. ताटामध्ये फुलांचे थरावर थर रचून शिखर उभारतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात, भोवती फेर धरून टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी ते शिखर पाण्यात सोडतात. तेलुगू शेजारीण ज्याला तंगेडु म्हणते ते तेलंगणाचे राज्यपुष्प म्हणजे मराठीतील तरवड होय. तिचे गुनुगु म्हणजे आपले कुरडू. एकाच बांधावर एकच फूल दोन नावांनी उभे असते.

बतुकम्मेच्या दुसऱ्याच दिवशी मराठी घरात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, तीत गहू, ज्वारी आदी धान्य, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट. नऊ दिवस मुलांनी रोज पाणी घालावे, अंकुर किती बोटे वाढला हे मोजावे, कोणते धान्य आधी फुटले हे टिपून ठेवावे. सायंकाळी त्याच मुलींनी शेजारच्या अंगणात बतुकम्मेचा फेर धरावा. तरवड आणि तंगेडु ही दोन्ही नावे ज्या मुलाला ठाऊक आहेत, त्याचे काहीही हरवलेले नाही. उलट त्याने दोन घरे मिळविली आहेत.

हेमंत-शिशिरात आदिलाबादचा गारठा तेलंगणात सर्वांत कडक समजला जातो. पहाटे पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. हे दिवस शेकोटीचे आणि ज्वारीच्या हुरड्याचे. कणसे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून, गरम असतानाच हातावर चोळून, दाणे पाखडून खावयाचे. सोबत तिळाची वा शेंगदाण्याची चटणी. शेत नसले तरी बाजारातून चार कणसे आणून अंगणात हा सोहळा होऊ शकतो. मग संक्रांत. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली भाकरी आणि तिळगूळ ही मराठी घराची कामे. त्याच सुमारास तेलुगू घरी तांदळाच्या पिठात तीळ व ओवा घालून, कापडावर बोटांनी वेटोळी वळून ‘सकिनालु’ तळतात. मराठी घरातून तिळगुळाचे ताट जाते आणि सकिनालूंनी भरून परत येते, कारण शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये ही रीत दोन्ही घरी सारखीच आहे. आश्चर्य असे की, मराठी घरात लहानग्याला बोरन्हाण घालतात, तर तेलुगू घरात भोगीच्या दिवशी मुलाच्या डोक्यावर बोरेच ओततात व त्यांना ‘भोगि पंड्लु’ म्हणतात.

वसंतात रानातील पळस पेटतो. तेलुगू शेजारी त्यास मोदुगु म्हणतात. खाली पडलेली फुले मुलांनी वेचून आणावीत, सायंकाळी उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवावीत. सकाळी केशरी-पिवळा रंग तयार होतो. होळीसाठी याहून निर्दोष रंग नाही. पुढे चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी दारात गुढी उभारली जाते आणि कोवळ्या कडुनिंबाच्या पानांत गूळ, मिरे, ओवा, मीठ वाटून प्रसाद होतो. त्याच दिवशी शेजारी उगादी असते. त्यांच्या पच्चडीत कडुनिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ व तिखट असे सहा रस असतात. दोन्ही वाट्या एकाच पाटावर ठेवून मुलांना चव ओळखावयास लावावी.

ग्रीष्मात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. ही तापलेली गच्ची म्हणजे वाळवणाचे हक्काचे ठिकाण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवावा, रोज पाणी पालटावे; चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळू द्यावा. सकाळी वरचे पाणी ओतून टाकावे, चिकाइतकेच पाणी मीठ-हिंग घालून उकळावे, त्यात चीक घोटून शिजवावा आणि ऊन चढण्यापूर्वी सोऱ्याने कुरडया घालाव्यात. वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून मुलांच्या वाट्यास यावाच, आणि दिवसभर कावळे हाकण्याचे कामही त्यांच्याकडेच असावे. उरलेल्या दुपारी ज्वारीच्या पापड्या, शेवया, सांडगे. वाळवणाबरोबर आजीच्या गोष्टीही चालू.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही सारी कामे पूर्वी घरातील स्त्रियांनी उन्हात बसून केली आणि इतरांनी त्यांचा आस्वाद घेतला. एकीच्या थकव्यावर सर्वांचा आनंद उभारणे हा संस्कार नव्हे. पूर्वीच्या गृहिणीला जावा-नणंदांचे हात होते. आजची गृहिणी पुष्कळदा नोकरी करून एकटीच घर सांभाळते. तिच्यावर परंपरेचे ओझे टाकले, तर ती परंपरा सोडून देईल आणि त्यात तिचा दोष नसेल. घोटणे हे बळाचे काम आहे, ते पुरुषाने करावे. वाटणे, गाळणे, भांडी घासणे वाटून घ्यावे. सर्व कामे दरवर्षी झालीच पाहिजेत असेही नाही. प्रत्येक ऋतूत एक काम निवडावे, त्या दिवशी भ्रमणध्वनी बाजूस ठेवावेत, घरातील वडीलधाऱ्यांनी वस्तूंची नावे सांगावीत आणि मुलांनी ती एका वहीत लिहावीत; शेजारचे तेलुगू नाव त्याच्यापुढे लिहावे. पाच वर्षांत ती वही त्या घराचा शब्दकोश होईल.

देवस्थानाचा जीर्णोद्धार वर्गणीने होतो, महाजनांच्या एकजुटीने होतो. घराचा जीर्णोद्धार मात्र प्रत्येक घराला स्वतःच करावा लागतो, आणि तो मूठभर माती, चार कणसे, ओंजळभर पळसफुले एवढ्यावर होऊ शकतो. पैनगंगेच्या काठची कुटुंबे, राज्याची रेघ पालटली तरी, या साध्या कामांत आपली भाषा व शेजार दोन्ही सांभाळू शकतात. जेथे जेथे महाजनांची घरे विखुरली आहेत, तेथे तेथे त्या त्या मातीतील फुले, फळे आणि धान्य हाताशी आहेतच. येत्या ऋतूपासून आरंभ व्हावा आणि त्या कामी श्रीदेवाचा कृपाप्रसाद सर्व कुटुंबांस लाभावा, हीच प्रार्थना.