वळिवड्याचे पाहुणे



आज आम्ही तुम्हांला एका गावाची खरी गोष्ट सांगणार आहोत. गाव कोल्हापूरजवळचे. नाव वळिवडे.

सन १९३९ साली युरोपात मोठे युद्ध सुरू झाले. तिकडे पोलंड नावाचा देश आहे. त्याच्यावर एका बाजूने जर्मनीने हल्ला केला, दुसऱ्या बाजूने रशियाने. रशियाने लाखो पोलिश माणसांना घरांतून उचलले आणि दूर सायबेरियासारख्या थंड मुलखात नेले. पुष्कळ माणसे थंडीने आणि उपासमारीने दगावली. १९४१ साली उरलेल्यांच्या सुटकेचा हुकूम निघाला. पण जायचं कुठं? घरदार शत्रूच्या हाती. मग त्यांतली बरीच माणसे इराणात आली आणि तिथून काही हिंदुस्थानात आली.

१९४३ सालापासून अशी सुमारे ५,००० माणसे वळिवड्याला राहिली. बहुतेक बायाबापड्या आणि मुले. राहायला लांबच लांब चाळी होत्या. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, सारे होते. सुरुवातीला खर्च पोलंडच्या सरकारने केला. पण शेजार काही विकत मिळत नाही. तो आसपासच्या गावांनीच द्यायचा असतो.

आणि तो द्यायचा कसा? पाहुण्यांचा रंग वेगळा, धर्म वेगळा, जेवण वेगळे. त्यांना मराठी येईना, इकडच्यांना पोलिश कळेना. त्यातून युद्धाची महागाई. तरी व्यवहार चालला. काही दुकानदार पोलिश बोलायला शिकले. पोलिश मुले मराठी शब्द बोलू लागली. १९४८ पर्यंत पाहुणे निघून गेले. एक पोलिश मुलगी मात्र कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली.

पुढे फाळणीमुळे घर सोडावे लागलेले सिंधी लोक त्याच जागी आले. त्यांचीही बोली वेगळी. तेही तिथे रुजले. आज तिथे गांधीनगरची मोठी बाजारपेठ आहे.

पोलिश लोक वळिवडे विसरले नाहीत. त्यांच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, त्याची आठवण म्हणून २०१७ साली स्मारक उभे राहिले.

आता आपल्या गावाकडे पाहू. वीटभट्टीवर, बांधकामावर परमुलखातले मजूर येतात. कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. एस.टी. स्टँडवर एखादी बाई आजारी मूल घेऊन बसलेली असते. तिचं बोलणं कुणाला कळत नाही. मग कुणी हसतो, कुणी मोठ्याने ओरडून बोलतो. अहो, ती बहिरी नाही! ओरडून भाषा कळत नसते. आधी तांब्याभर पाणी द्यावे. मग मुलाच्या कपाळाला हात लावून दवाखान्याकडे बोट दाखवावे. शक्य तर सोबत जावे. एवढे तिला कळते.

दुसरी गोष्ट मजुरीची. भाषा येत नाही म्हणून परक्या मजुराला कमी पैसे देणारे लोक आहेत. तो भांडणार तरी कसा? असे आपल्या हातून होऊ नये, आणि दुसरा करील तर त्याला अडवावे. किती दिवस भरले आणि किती रुपये झाले, हे आकड्यांत लिहून मजुराला दाखवावे. बोटांवरही मोजून दाखवता येते.

तिसरी गोष्ट तुमच्याच हातची आहे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. वाट चुकलेल्या माणसाला कुठे जायचे ते विचारा. गावाचे नाव तर तो सांगेल! ते चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या. ती चिठ्ठी तो कंडक्टरला दाखवील आणि नीट पोचेल. उद्या आपली मुलेही कामासाठी तमिळ किंवा बंगाली मुलखात जातील. तिथे त्यांनाही कुणीतरी अशी चिठ्ठी लिहून द्यायला हवी, नाही का?

तेव्हा आज घरी गेल्यावर एक चिठ्ठी लिहून पाहा. तीत आपले गाव, तालुका आणि जिल्हा लिहा. अक्षर मोठे आणि सुटे काढा. उद्या वर्गात घेऊन या.